तारली हाकेला येत नाही

चार महिने झाले असतील, किंवा सहा.
आधी तिनं इनासकडे पाठ फिरवली.
इनास मासळीवाला, भोंगा वाजवत
वडाच्या वळणावर येतो न येतो
तोच तारली फाटकाच्या खांबावर असायची,
माझ्याआधी, पैशांआधी.
आता तो उभा, चिमटीत तिच्या वाटणीचा पेडवा,
आणि ही सोप्यावर ऊन अंगावर घेऊन,
कोणाची कोण.
इनास म्हणाला, रुसली.
मी म्हटलं, शिळे असतील तुझे पेडवे.

मग एकदा पायरीवर तिला मागून उचलायला गेलो
तर मनगटावर चार रेघा,
सरळ, वहीत आखल्यासारख्या.
बारा वर्षांत नख दाखवलं नव्हतं हिनं.

मग एर्मेलिंड आली. एरवी कुंपणापलीकडून बोलणारी,
त्या दिवशी थेट दारात, कमरेवर हात:
"तुझी मांजर रात्री दोनला रडते
मेलेल्या घरातल्यासारखी. माझा नवरा उठून
छातीवर खुरीस काढतो. तुला ऐकू येत नाही?"

नाही येत.
फेरीबोटीच्या इंजिनाशी एकतीस वर्षं काढली,
चोडण ते रायबंदर, रायबंदर ते चोडण.
नदी तेवढीच रुंद राहिली,
कान मात्र आटत गेले.
रात्री मी यंत्र काढून डबीत ठेवतो
आणि घर बंद होतं.

सून वास्कोहून म्हणाली, दृष्ट काढा.
पुतण्या म्हणाला, म्हातारी झाली, फिरलं डोकं.
मी माझे गुन्हे मोजत बसलो:
तिची खुर्ची हलवली होती,
चवथीला पाहुणे आले तेव्हा कोठीत कोंडली होती,
साबण बदलला होता.
एका रात्री मी चक्क माफी मागितली.
ती शेपटी चाटत होती.

शनिवारी ताट निसटलं हातातून.
स्टीलचं ताट, फरशीवर गरगरत
तिच्या पाठीशी जाऊन झोपलं.
माझ्यासुद्धा डोक्यात घुसला तो आवाज.
तिचा कान हलला नाही.
छपरातली पाल सरकली तरी वळायचा, तो कान.
मी वाकून समोर गेलो,
तशी उडालीच,
जसा मी फरशीतून उगवलो.

म्हणजे इनासचा भोंगा
वडाच्या वळणावरच संपत होता.
म्हणजे मागून येणारा हात
कोणाचाही असू शकत होता.
आणि रात्री ती स्वतःचा आवाज शोधत होती,
सापडेना म्हणून मोठा करत होती.
हे मला कळायला हवं होतं.
फोनवर मीही ओरडतो.

टोपलीत घालून पणजीला नेली.
डॉक्टर केंकऱ्यांनी मागे टाळी वाजवली,
मग पुन्हा एकदा, उगाच.
म्हणाले, थेंब देतो, पण आशा धरू नका.
तिच्याकडे समोरून जात जा.

परतताना फेरीवर टोपलीचं झाकण उघडलं.
ती उतरली, लोखंडी पत्र्यावर पोट टेकवलं,
नेमकं इंजिनाच्या वर.
धक्का सुटला, खालचा ठोका बदलला,
तसे तिचे पंजे उघडले, मिटले, उघडले.
माझ्या वयाचा एकजण म्हणाला, काका, मांजर पडेल पाण्यात.
पडणार नव्हती. तिला बोट ऐकू येत होती
आणि मला कितीतरी दिवसांनी
चपलांच्या तळव्यातून.

आता घरात मी दोनदा टाच आपटतो,
फरशी तिला निरोप देते.
इनास आला की सोप्यावरचा दिवा
दोनदा लावतो, विझवतो,
एर्मेलिंडला वाटतं वायर खराब झाली.
काल तारली धावत आली, शेपटी उभी.

आज दिवा लावला, विझवला, लावला.
तिनं बघितलं.
डोळे मिटून घेतले.
आली नाही.

हे मात्र रुसणं.
हे मला ओळखू येतं.